नळांच्या जाळ्याची फाळणी व एकत्रीकरण

जमिनीची फाळणी कशी होते हें आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांस स्वानुभवानें ठाऊक आहे. भावाभावांत वांटप ठरलें, मोजणी झाली, पोटहिस्से पडले, म्हणजे आकारफोड पत्रक तयार होतें. आणि त्या पत्रकाची पहिली कसोटी अशी कीं, सर्व पोटहिश्श्यांच्या क्षेत्राची व आकाराची बेरीज मूळ नंबराच्या क्षेत्राशीं व आकाराशीं तंतोतंत जुळली पाहिजे. एक गुंठा उरला किंवा एक गुंठा वाढला, तरी पत्रक परत जातें. पुढें १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यानें उलट दिशेचें काम आरंभिलें. विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले गेले, आणि त्या कामांत जेथें बेरीज चुकली किंवा शीव जुळली नाहीं, तेथील तंटे अद्यापि कचेर्‍यांतून चालू आहेत. प्रस्तुत लेखकाची नोकरी ह्याच कागदांत गेली. त्यामुळें निवृत्तीनंतर पाण्याच्या नळांचे जे आराखडे संगणकावर पाहण्यांत आले, त्यांतहि हीच फाळणी, हेंच एकत्रीकरण व ह्याच चुका आढळल्या, तेव्हां आश्चर्यापेक्षां ओळखच अधिक वाटली.

हा विषय इंजिनियरांचा आहे, शेतकर्‍यास त्याचें काय, अशी शंका कोणी घेईल. पूर्वीं पाणी पाटानें येत असे. पाट डोळ्यांस दिसतो. वरच्यानें दारें मोडलें तर खालच्यास तें चालत जाऊन पाहतां येतें. नळांतलें पाणी दिसत नाहीं. अलीकडे आपल्या राज्यांत धरणांच्या लाभक्षेत्रांतून उघड्या चार्‍यांऐवजीं जमिनीखालच्या बंद नळांनीं पाणी देण्याची पद्धति स्वीकारली जात आहे. सहकारी उपसा योजना तर प्रथमपासून नळांच्याच. शिवाय २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेखालीं दर माणशीं दररोज ५५ लिटर पाणी घरोघर पोंचविण्यासाठीं गांवोगांवीं नळ पुरले गेले. अशा कामांचे आराखडे आज संगणकावर होतात. २००५ सालच्या कायद्यानें सिंचनाचें व्यवस्थापन पाणी वापर संस्थांकडे देण्याची वाट मोकळी केली. त्या अधिकाराबरोबर कागद वाचण्याची जबाबदारीहि आपल्याकडे आली. नळ पुरल्यावर चूक उकरून काढावयास जेसीबी लागतो. ती कागदावर असतांना दिसली तर खोडरबर पुरे होतें.

नळ झाडाच्या फांद्यांप्रमाणें एकाच दिशेनें फुटत जात असतील तर कोणत्या नळांत किती पाणी व घर्षणांत किती दाब खर्च होईल, हें चिकाटीच्या माणसास कागदावर काढतां येतें. परंतु नळ फिरून एकमेकांस मिळाले, त्यांचें कडें झालें, म्हणजे पाणी कोणत्या बाजूनें किती जाईल हें त्रैराशिकानें सुटत नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक हार्डी क्रॉस ह्यांनीं १९३६ सालीं त्यावर हातानें करण्याजोगी रीत प्रसिद्ध केली : अंदाज धरावा, चूक मोजावी, दुरुस्ती करावी, पुन्हां मोजावें. पुढें हेंच काम संगणकाकडे गेलें. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्यांत लुईस रॉसमन ह्यांनीं 'ईपानेट' नांवाची आज्ञावली तयार केली. ती १९९३ सालीं प्रथम बाहेर पडली, २००० सालीं तिची दुसरी आवृत्ति निघाली, व २०२० सालची सुधारणा अनेक देशांतील जाणकारांनीं मिळून केली. ती कोणासहि फुकट मिळते. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें तयार झालेली 'जलतंत्र' ही आज्ञावली फांद्यांसारख्या जाळ्यांत कोठें किती व्यासाचा नळ घातला असतां खर्च कमींत कमी येईल तें काढून देते. आपल्या लेखाचा संबंध मुख्यतः पहिलीशीं आहे.

ईपानेटमधील नमुना म्हणजे वस्तुतः एक साधी वही होय. तिच्यांत सांध्यांचें एक प्रकरण, नळांचें एक, टांक्यांचें, पंपांचें, झडपांचें एकेक. सांध्याच्या ओळींत त्याचें नांव, जमिनीची उंची व तेथून काढून घ्यावयाचें पाणी, म्हणजे मागणी; नळाच्या ओळींत त्याचीं दोन टोकें कोणत्या सांध्यांवर आहेत, लांबी, व्यास व आंतील गुळगुळीतपणाचा आंकडा. मला ती वही पाहतांक्षणीं गांव नमुन्यांची आठवण झाली. एक भेद मात्र येथेंच सांगून ठेवतों, कारण पुढील सर्व हकीकत त्यावर उभी आहे. ह्या वहींत 'टांकी' निराळी व 'जलाशय' निराळा. टांकींतून पाणी काढलें तर ती उतरते. जलाशय अक्षय असतो. त्यांतून कितीहि काढा, त्याची पातळी लिहिली असेल तीच राहते. कागदावर असा जलाशय मांडावयास एक ओळ पुरते.

मोठ्या योजनेंत अनेक गांवें व हजारों सांधे असतात. तो सर्व नमुना एकदम हाताळणें जड जातें. कामाचे टप्पे पडतात, ठेके निरनिराळे जातात, कधीं एकाच गांवाचा वाढीव नळ तपासावयाचा असतो. म्हणून नमुना तोडतात. एक नळ वरच्या भागांतून हद्द ओलांडून खालच्या भागांत जातो असें समजा, व तो 'क' ह्या सांध्यावर तोडला. आतां वरच्या भागास खालचा भाग दिसेनासा झाला. पण खालच्याचें पाणी तर वरच्याच नळांतून जावयाचें आहे. म्हणून वरच्या नमुन्यांत 'क' वर खालच्या भागाच्या एकंदर पाण्याएवढी मागणी मांडावी लागते. उलट, खालच्या नमुन्यास पाणी कोठून येतें हें कळावें म्हणून तेथें 'क' च्या जागीं एक जलाशय मांडावा लागतो, आणि अखंड नमुना चालवून 'क' वर जी पातळी आली असेल तीच त्यास द्यावी लागते. पातळी म्हणजे तेथें उभी नळी लावली तर पाणी जेथवर चढेल ती उंची. मागणी ही एक नोंद, पातळी ही दुसरी. दोन्ही मिळून तोडलेल्या जागेचा फेरफार पुरा होतो. एक लिहिली व दुसरी राहिली, तर खरेदीखत झालें पण सात-बारावर नांव लागलें नाहीं, तशी गत होते. पाणी पाळीपाळीनें द्यावयाचें असेल तर 'क' वरील पातळी तासागणिक बदलते, तेव्हां जलाशयासहि तासवार पट जोडावा लागतो. आज्ञावलींत तशी सोय आहे. परंतु पुष्कळ जण एकच आंकडा लिहून मोकळे होतात.

कोठें तोडावें हेंहि पाहिलें पाहिजे. दाब मोडण्यासाठीं वाटेंत हौद बांधलेला असेल तर ती जागा सर्वांत उत्तम, कारण तेथें पाणी उघड्यावर पडतें, आणि खालच्या नळांतील दाबाची ओढ वर पोंचत नाहीं. मोजावयाचें राहतें तें फक्त पाणी. तसा हौद नसेल तर निदान एकच नळ हद्द ओलांडतो अशी जागा पाहावी. नळांचें कडें मधोमध कापणें हें सर्वांत वाईट. दोन जागीं तोडलें म्हणजे दोन जलाशय मांडावे लागतात, आणि त्यांच्या पातळ्यांत थोडाहि फरक चुकला तर एका जलाशयांतून दुसर्‍यांत असें पाणी वाहूं लागतें, जें जमिनीवर कोठेंच नाहीं. धुळें व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम ह्या नद्यांवर जी जुनी फड पद्धति चालत आली, तींत जमिनीची वांटणी व पाण्याची वांटणी बहुधा एकाच रेषेवर पडे, त्यामुळें पाटकर्‍यास हिशेब सोपा जाई. आपले आजचे नळ मात्र गांवची शीव, ठेक्याची हद्द आणि निधीचा टप्पा पाहून तोडले जातात.

आमच्या भागांतील एका उपसा योजनेची हकीकत सांगतों. नांवें सांगण्याचें कारण नाहीं. कोणाचा हेतु वाईट नव्हता. नदीचें पाणी पंपानें टेकडीवरील टांकींत चढवावें व तेथून उतारानें चार गांवांच्या शिवारांत न्यावें, अशी योजना. वाचकांच्या सोयीसाठीं आंकडे गोल करून घेतले आहेत. टांकींतील पाण्याची पातळी ६४० मीटर. तेथून ३०० मिलिमीटर व्यासाचा नळ २,००० मीटर अंतरावरील 'क' पर्यंत. तेथें वरच्या दोन गांवांसाठीं सेकंदास ४० लिटर पाणी फुटतें. पुढें २५० मिलिमीटरचा नळ आणखी २,००० मीटर जाऊन 'ख' येथें खालच्या दोन गांवांस सेकंदास ३० लिटर देतो. 'ख' ची जमीन ६११.५ मीटरवर आहे.

वरचा भाग एकाकडे व खालचा दुसर्‍याकडे, असें काम वांटलें गेलें होतें. वरच्यानें आपल्या नमुन्यांत आपलींच दोन गांवें मांडलीं. ४० लिटर पाण्यास ३०० च्या नळांत सुमारें २ मीटर दाब खर्च होतो, म्हणून 'क' वर पातळी ६३८ आली. त्यानें ती खालच्यास कळविली. खालच्यानें 'क' वर ६३८ चा जलाशय मांडला. त्याच्या नळांत ३० लिटरला जवळजवळ ३ मीटर गेले, 'ख' वर ६३५ राहिले, व जमीन वजा जातां २३.५ मीटर दाब निघाला. तुषार सिंचनास साधारण २० ते २५ मीटर दाब लागतो. सर्व ठीक दिसलें.

मग दोन्ही वह्या एकत्र करावयाचें ठरलें, आणि तें काम तिसर्‍याच इसमाकडे गेलें. त्यानें वरचा 'क' व खालचा जलाशय ह्यांच्यामध्यें एक आंखूड नळ टाकून दोन्ही नमुने जोडले, आणि चालवून पाहिले. सर्व आंकडे पूर्वींप्रमाणेंच आले. बैठकींत तें पडद्यावर दाखविण्यांत आलें, तेव्हां दोन्ही पक्षांस समाधान वाटलें. जोडल्यावरहि कांहींच बदललें नाहीं, ह्यापेक्षां चांगली साक्ष कोणती?

मी संस्थेचे हिशेब लिहितों म्हणून बैठकीस हजर होतों. मला दाबांतलें फारसें कळत नव्हतें, परंतु तेरीज मागण्याची संवय सुटलेली नाहीं. चार गांवांस मिळून किती पाणी दिलें, असें विचारलें. उत्तर ७० लिटर. टांकींतून किती निघालें, असें विचारलें. तो आंकडा पडद्यावर नव्हता; शोधून काढावा लागला. तो निघाला ४०. मग ३० लिटर कोठून आले? यादी खालीं सरकवितां सरकवितां तो जलाशय सांपडला, ६३८ चा, आपलें पाणी इमानानें देत बसलेला. तो कोणत्या गट नंबरांत आहे, असें एका म्हातार्‍या बागाईतदारानें विचारलें, आणि सभेंत हंशा पिकला. पण खालच्या गांवांचे लोक हंसले नाहींत.

जलाशय काढून टाकला, 'क' व खालच्या नळाचें टोक हा एकच सांधा केला, व नमुना पुन्हां चालविला. आतां ३०० च्या नळांतून ७० लिटर जाऊं लागले. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पाणी पावणेदोन पट झालें म्हणजे घर्षणहि पावणेदोन पट होतें असें नाहीं; तें जवळजवळ तिप्पट होतें. २ मीटरच्या जागीं ५.८ मीटर खर्च झाले, 'क' ची पातळी ६३४.२ वर आली, 'ख' ची ६३१.३ वर, आणि तेथील दाब १९.८ मीटर. त्यापुढें शेतांत जाणार्‍या लहान नळांचें घर्षण निराळेंच. शेवटच्या शेतकर्‍याच्या तुषारांनीं पाणी फेंकण्याऐवजीं ठिबकविलें असतें, आणि दोष पंपास, विजेस किंवा वरच्या गांवच्या लोकांच्या वृत्तीस दिला गेला असता.

ह्या प्रकरणांत दोन चुका एकमेकींस झांकून बसल्या होत्या. वरच्या नमुन्यांत खालच्याची ३० लिटरची मागणी लिहिली नव्हती, ही फाळणीची चूक. खालचा मानीव जलाशय जोडतांना काढला नाहीं, ही एकत्रीकरणाची. वरच्यानें ३० ची मागणी लिहिली असती व जोडतांना ती खोडावयाची राहिली असती, तर उलट तेंच पाणी दोनदां मोजलें जाऊन टांकींतून १०० लिटर निघालेले दिसले असते आणि नळ विनाकारण मोठा घेतला गेला असता. म्हणून तोडतांना जेवढ्या मानीव नोंदी घातल्या, तेवढ्या जोडतांना खोडल्या कीं नाहीं हें मोजून पाहावें. मीं त्या दिवसापासून तोडलेल्या प्रत्येक जागेची नोंद एका स्वतंत्र पानावर ठेवावयास सांगितलें आहे.

बरोबर तोडलेला नमुनाहि तोडण्याच्या वेळच्याच स्थितीचें उत्तर देतो, हें विसरतां कामा नये. 'क' वर ६३४.२ चा योग्य जलाशय मांडला आहे असें धरा, आणि उद्यां खालच्यांनीं ३० च्या जागीं ४५ लिटर घ्यावयाचें ठरविलें. तुटक नमुन्यांत 'क' ६३४.२ वरच राहील, कारण जलाशय अक्षय आहे. प्रत्यक्षांत वरच्या नळांतून ८५ लिटर जाऊं लागतील आणि 'क' सुमारें ६३१.७ वर उतरेल. म्हणजे अडीच मीटरचा फटका वरच्या गांवांसहि बसेल, आणि दोन्ही तुटक वह्यांत त्याची खूण दिसणार नाहीं.

एकत्रीकरणांतील इतर चुका लहान दिसतात, परंतु त्यांपैकीं कांहीं मोठ्या फसव्या आहेत. दोन्ही वह्यांत सांध्यांचीं नांवें १, २, ३ अशींच असतात; एकाच नांवाचे दोन सांधे आज्ञावली स्वीकारीत नाहीं, म्हणून ही चूक निदान ओरडून आपली ओळख देते. प्रत्येक गांवाच्या नांवाचें आद्याक्षर आधीं लावून घेतलें म्हणजे झालें. पंप अमुक टांकी भरल्यावर बंद करावा, असे नियम वहींत लिहिलेले असतात. नांवें बदललीं तर ते नियमहि बदलले पाहिजेत.

मुकाट्यानें घात करणारी चूक निराळी. एकानें समुद्रसपाटीपासूनच्या उंच्या घेतल्या, दुसर्‍यानें शाळेच्या ओट्यास १०० मीटर धरून त्यावरून मोजणी केली. दोघांच्याहि वह्या आपापल्या जागीं बिनचूक. जोडल्यावर एक गांव पांचशें मीटर खोल दरींत जाऊन पडतें व तेथील दाब भयंकर वाढतो. इतका वाढतो म्हणूनच ध्यानांत येतो. फरक चार-पांच मीटरचा असेल तर मात्र कोणास संशयहि येत नाहीं. ह्यासाठीं दोन्ही मोजण्यांत आलेली एक तरी सामाईक खूण, एखादा पूल, देवळाचा ओटा, दोघांच्या आंकड्यांनीं ताडून पाहावी. शीव जुळविण्याची जी जुनी रीत, तीच ही.

मापांचें तसेंच. एक वही लिटर-सेकंदांत, दुसरी गॅलन-मिनिटांत; दुसरीचें माप धरलें कीं आज्ञावली उंच्या फुटांत व व्यास इंचांत समजते. घर्षणाचीं सूत्रेंहि भिन्न असतात. हेझन-विल्यम्सच्या सूत्रांत नळाचा आंकडा १४० असला तर नळ गुळगुळीत समजावा. डार्सी-वाईसबाखच्या सूत्रांत त्याच जागीं आंतल्या खडबडीची जाडी मिलिमीटरच्या लहानशा अपूर्णांकांत लिहितात. एका वहींत सूत्र एकच चालतें. दुसर्‍या वहीचा १४० तेथें गेला, म्हणजे ३०० च्या नळांत १४० मिलिमीटरची खडबड झाली! हें लिहितांना हंसूं येतें, पण असे आंकडे कागदावर येऊं शकतात.

सर्वांत बारीक फांस मागणीच्या तासवार पटाचा. ज्या सांध्यास कोणताच पट लिहिलेला नसतो, त्यास आज्ञावली आपण होऊन 'एक' ह्या नांवाचा पट लावते; तसा पट वहींत नसेल तर मागणी दिवसभर सारखी धरते. आतां शेतीच्या वहींत असा पट नाहीं, पाणी बारा तास सारखें चालावयाचें. व तिला गांवच्या पिण्याच्या पाण्याची वही जोडली, जींत 'एक' नांवाचा पट सकाळीं व सायंकाळीं पाणी अधिक, दुपारीं कमी, असा आहे. जोडल्याबरोबर तुमचीं शेतेंहि सकाळीं दुप्पट व दुपारीं निम्मीं पाणी पिऊं लागतात. कोणतीहि सूचना येत नाहीं. तसाच सर्व मागण्यांस एकदम गुणणारा एक आंकडा वहीच्या शेवटीं असतो. एकानें तेथें पुढील वाढ धरून १.५ लिहिला असेल तर जोडल्यावर तो दुसर्‍याच्या गांवांसहि लागतो. सांध्यांच्या नकाशांतील जागा मात्र चुकल्या तरी पाण्याच्या हिशेबास बाध येत नाहीं, कारण नळाची लांबी निराळी लिहिलेली असते. चित्र विचित्र दिसेल इतकेंच. लोक मात्र चित्र नीट बसलें कीं काम झालें असें मानतात.

पुन्हां त्या योजनेकडे वळतों. पहिल्या टप्प्याचा नळ ३०० ऐवजीं ३५० चा घातला तर ७० लिटरला २.७ मीटरच खर्च होतात, 'क' ६३७.३ वर राहतो, आणि 'ख' येथें २२.८ मीटर दाब मिळतो, असें अखंड नमुन्यानें दाखविलें. त्यावर वरच्या गांवांचें म्हणणें असें पडलें कीं, आमच्या ४० लिटरला ३०० पुरेसा आहे. खालच्यांच्या दाबासाठीं आम्ही पैसे कां भरावे? हा प्रश्न अन्यायाचा नव्हता. परंतु त्यांस ६३८ ची जी पातळी सांगितली गेली होती, ती खालच्यांच्या झडपा बंद असतांनाची होती. त्या उघडल्या कीं ३०० च्या नळावर त्यांच्याहि शेतांतला दाब पावणेचार मीटरांनीं पडणार होता. हें त्यांनीं पडद्यावर दोनदां चालवून घेतलें, एकदां झडपा बंद, एकदां उघड्या. अखेर ३०० व ३५० च्या किंमतींतील फरक पाण्याच्या प्रमाणांत, म्हणजे ४० ला ३० असा, दोन्ही बाजूंनीं सोसावा असें ठरलें, आणि तसा ठराव इतिवृत्तांत लिहिला गेला. नळाची मागणी तोंवर गेलेली नव्हती.

अखंड नमुन्याची एक प्रत संस्थेच्या दप्तरांत ठेविली आहे, व तिच्याबरोबर तोडलेल्या जागांचें तें पानहि. पलीकडच्या शिवारांतील पांचव्या गांवानें आपणांस जोडून घ्यावें असा अर्ज केला आहे. सेकंदास १५ लिटर मागितले आहेत. तो अर्ज ह्याच प्रतीवर चालवून पाहावयाचा आहे.